आईची चक्कर

बेलव्ह्यू म्हटले की पुष्कळांना न्यूयॉर्कचे जुने नामांकित इस्पितळ आठवते. आम्ही राहतो ते बेलव्ह्यू निराळे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, लेक वॉशिंग्टन नावाच्या लांबलचक सरोवराच्या पूर्वकाठी हे शहर वसले आहे. पलीकडच्या काठाला सिॲटल आणि मध्ये पाण्यावर तरंगणारे पूल. शेजारच्या रेडमंडला मायक्रोसॉफ्टचे मुख्य ठाणे असल्यामुळे या भागात हिंदी लोकांची वस्ती दाट झाली आहे. २०२० च्या शिरगणतीत बेलव्ह्यूची लोकसंख्या दीड लाखांच्या वर भरली. दुकानात, बागेत मराठी कानावर पडते. आपल्या समाजाची घरे मात्र शोधावी लागतात.

अशा ठिकाणी आमच्या घरी घडलेली एक साधी हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे पुष्कळ दिवस मनात होते. हकिकत आजारपणाची आहे, पण आजार मोठा नव्हता. मोठी होती ती आमची चूक. अशी चूक लोदला, अश्दोदला, दिमोनाला, लंडनला, कुठल्याही घरी होऊ शकते, म्हणून लिहीत आहोत.

२०२२ च्या उन्हाळ्यात आई ग्रीनकार्डावर आमच्याकडे राहावयास आली. वय अठ्ठ्याहत्तर. ठाण्याच्या मराठी शाळेत तिने तीस वर्षे शिकवले. शाआर हाशामाईम सिनेगॉगपासून चालत जाता येईल अशा अंतरावर तिचे दोन खोल्यांचे घर. वडील गेल्यावर ती तेथे एकटी राहत असे. येताना तिने एकच अट घातली होती : "हिवाळ्यात दोन-तीन महिने मी ठाण्याला जाणार. घर विकायचं नाही." आम्ही उभयतांनी 'हो' म्हटले खरे, पण मनातून तेवढे मानले नव्हते.

त्या वर्षीच्या योम किप्पूरला मर्सर आयलंडवरच्या सिनेगॉगमध्ये पहिली गोष्ट घडली. संध्याकाळी नेइलाच्या वेळी सारे उभे राहिले, तशी आईही उभी राहिली आणि लगेच मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक. आम्ही म्हटले, "उपास आहे, वय आहे, चालायचंच." घरी येऊन सरबत, भात-माशाची कढी झाली आणि आम्ही ती गोष्ट विसरलो.

मग येथला हिवाळा आला. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि पावसाची रिपरिप दिवसभर चालू असते. आई हळूहळू मिटत चालली. फिरावयास येईना. वरच्या फळीवरचा मसाल्याचा डबा काढताना ओट्याला धरून उभी राही. शुक्रवारचा दिवा लावून झाला की लगेच खुर्ची गाठी. एकदा मध्यरात्री उठलो तर ती बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत उशी लावून बसल्या बसल्या झोपलेली. विचारले, तर म्हणाली, "पलंग मऊ आहे रे, पाठ दुखते." आम्हांला ते खरे वाटले. येथे करमत नाही म्हणून रुसली आहे, असेही वाटले.

जानेवारीत पहाटे ती न्हाणीघरात पडली. अमेरिकेतल्या न्हाणीघरांत आंघोळीच्या टबाचा कठडा गुडघ्याएवढा उंच असतो. त्याच्यावर कोपर आपटले, कपाळाला टेंगूळ आले. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा. तेव्हा कोठे तिने शब्द उच्चारला : "चक्कर येते."

आम्ही तिला तातडीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, काय होते? आई बोलू लागली. दोन-तीन वाक्ये झाली असतील, एवढ्यात आमच्यापैकी एकाने इंग्रजीत सांगून टाकले, "शी फील्स डिझी." बस्स, एवढेच. डोके आपटले असल्यामुळे सीटी स्कॅन काढला. तो निर्दोष निघाला. चक्करीवर मेक्लिझिनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी आईला दिवसभर गुंगी येऊ लागली आणि चालताना तोल पूर्वीपेक्षा अधिक जाऊ लागला. त्या डॉक्टरांना दोष द्यावा असे वाटत नाही. आम्ही त्यांच्या हाती एकच शब्द दिला होता.

त्या आठवड्यात आम्ही उभयतांनी आईच्या पाठीमागे ठरवले की आता ठाणे बंद. घराला गिऱ्हाईक पाहावे म्हणून एका नातेवाइकांना फोनही केला. आईने तो ऐकला होता, हे आम्हांला पुष्कळ दिवसांनी कळले.

पुढे आमच्या नेहमीच्या दवाखान्यात गेलो. येथे प्रत्येकाचा एक घरचा डॉक्टर असतो. इस्राएलच्या वाचकांनी कुपात होलिममधला आपला डॉक्टर डोळ्यांपुढे आणावा. या बाई वयस्क होत्या. त्यांनी सांगून ठेवले होते की घरात असतील नसतील तेवढी सगळी औषधे एका पिशवीत घालून आणा. आम्ही नेहमीप्रमाणे आईच्या वतीने बोलावयास सुरुवात केली, तशी त्यांनी हात वर करून आम्हांला थांबवले आणि फोनवरून मराठी दुभाषी बोलावली.

हे आम्हांला ठाऊकच नव्हते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आणि २०१० च्या आरोग्य कायद्याने, सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला इंग्रजी नीट न येणाऱ्या रोग्यासाठी दुभाष्याची सोय फुकट करावी लागते. इतकी वर्षे अमेरिकेत राहून आम्ही ती कधी मागितली नाही, कारण आम्हांला इंग्रजी येते ना!

फोनवरची बाई वऱ्हाडकडची असावी. आईने आधी तिचे माहेर विचारून घेतले. मग डॉक्टरांचा प्रश्न आला : चक्कर येते म्हणजे काय होते, कधी होते, किती वेळ टिकते?

आई सरसावून बसली. "बाई, कुठली चक्कर सांगू? माझ्याकडे दोन आहेत."

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

"एक आडवं झाल्यावर येते. उजव्या कुशीवर वळले की सगळं घर तेलाच्या घाण्यासारखं गरगरा फिरतं. आम्ही जातीचे शनवार तेली, तेव्हा घाणा फिरायचाच! वर मान करून फळीवरचं काढायला गेले तरी तेच. पलंगाची कड धरून डोळे मिटते आणि शेमा म्हणते. म्हणून होईस्तोवर थांबतं. दुसरी उभी राहिल्यावर येते. ती फिरत नाही. डोळ्यांपुढं अंधारी येते, कान बंद होतात, पाय कापसाचे होतात. बसलं की जाते. किप्पूरला आली ती ही."

शेमा म्हणावयास किती वेळ लागतो, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले. आईने तेथेच डोळ्यांवर हात ठेवून शेमा आणि त्यापुढचा 'वेआहवता' शेवटपर्यंत म्हणून दाखवला. बाई घड्याळाकडे पाहत होत्या. एक मिनिट भरले नव्हते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "निम्मे निदान झाले."

नंतर जे झाले त्याला कसलेही मोठे यंत्र लागले नाही. आधी आईची मान आणि पाठ तपासली. मग तिला तपासणीच्या टेबलावर पाय लांब करून बसवले, मान उजवीकडे वळवली आणि झटकन उताणे निजवले, अशा रीतीने की डोके टेबलाच्या कडेखाली थोडे लोंबत राहील. क्षणभर काही नाही. मग आई ओरडली, "फिरला, फिरला!" आणि तिची बुबुळे आपोआप थरथरू, फिरू लागली. अर्ध्या मिनिटात थांबली. डावीकडे तसेच केले, तर काही झाले नाही. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या डॉक्टरांनी १९५२ साली नीट वर्णन केलेली ही परीक्षा आहे.

दोष आईच्या उजव्या कानात होता. कानाच्या आत, खोलवर, तोल सांभाळणाऱ्या तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांच्या शेजारच्या पिशवीत चुनखडीचे सूक्ष्म कण असतात. म्हातारपणी किंवा डोक्याला मार लागल्यावर ते सुटतात आणि नळीत घरंगळतात. मग कूस वळली, मान वर केली की कण हलतात आणि मेंदूला खोटी वर्दी जाते की सारे अंग फिरत आहे. जीव घाबरा होतो, पण हा प्रकार धोक्याचा नाही. धोका आहे तो पडण्याचा. मेक्लिझिनने ते कण जागचे हलत नाहीत. नुसती झोप येते. या विकारावर अमेरिकन कानतज्ज्ञांची २०१७ ची नियमावली आहे. तीत अशा गोळ्या नेहमी म्हणून देऊ नयेत आणि दुसरे कारण नसता स्कॅन काढू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे.

उपाय तेथेच झाला. डोके एका बाजूने दुसरीकडे, मग सबंध अंग कुशीवर, नाक जमिनीकडे, मग उठवून बसवणे. प्रत्येक ठिकाणी अर्धे-एक मिनिट थांबावयाचे. कण घरंगळत पुन्हा आपल्या पिशवीत जातात. या रीतीला एपली यांचे नाव आहे. डॉक्टर जॉन एपली पोर्टलंडचे, म्हणजे आमच्या बेलव्ह्यूपासून मोटारीने तीनएक तासांच्या गावचे. १९८० साली त्यांनी ही युक्ति इतर कानतज्ज्ञांपुढे मांडली, तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसला नाही. डोके हलवून चक्कर बरी होते, हे ऐकायलाच विचित्र! त्यांचा निबंध छापून यावयास १९९२ साल उजाडले. आज साधा घरचा डॉक्टरही ही रीत करतो, आणि बहुतेक रोग्यांना एक-दोन खेपांत गुण येतो.

याच्याही मागे आपल्याला अभिमान वाटावा असा एक ज्यू डॉक्टर आहे. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी हे रोग्यांचे कान पिचकारीने धूत असत. पाणी गार असले तर चक्कर येते, अशी एका रोग्याने तक्रार केली. त्यांनी पाणी तापवावयास सांगितले. ते फार तापले, तर पुन्हा चक्कर! बारानींनी पाहिले की या खेपेला डोळे उलट दिशेने थरथरत आहेत. त्या तक्रारीतून कानाचा आणि तोलाचा संबंध तपासण्याची रीत निघाली. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. पडल्या-वळल्यावर येणाऱ्या या चक्करीचे वर्णनही त्यांनी १९२१ साली केले आहे. सगळ्याचा आरंभ कशात, तर रोगी काय म्हणतो ते कान देऊन ऐकण्यात.

आता आईची दुसरी चक्कर. बाईंनी आईला निजवून रक्तदाब घेतला, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घेतला. निजून वरचा आकडा १४६ होता, तो उभे राहिल्यावर ११४ वर आला. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा उतरला, तर डॉक्टर तो दोष मानतात. आईचा बत्तीस उतरला होता. उभे राहताना रक्त पायांत उतरते. म्हातारपणी शिरा ते पटकन वर लोटत नाहीत, म्हणून अंधारी येते. त्यातून अंगातले पाणी कमी झाले किंवा रक्तदाबाचे औषध जास्त झाले, तर विचारूच नका.

मग पिशवी उघडली. ती उघडताना आमची मान खाली गेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी पाकिटात होती आणि येथल्या डॉक्टरांनी दिलेली बाटलीत होती. नावे निराळी, रंग निराळे, आत औषध एकच : अॅम्लोडिपिन. आई दोन्ही घेत होती. ठाण्याची गोळी बंद करावयाची, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. झोप येत नाही म्हणून आम्ही दुकानातून आणून दिलेल्या गोळीत डायफेनहायड्रामिन होते. वृद्धांनी जी औषधे टाळावीत त्यांची 'बीअर्स यादी' अमेरिकेतले वृद्धरोगतज्ज्ञ प्रसिद्ध करतात. तीत हे औषध आहे. शिवाय भाचीने पाठवलेले सिनारिझिन होते. भारतात ते चक्करीवर सर्रास घेतात, पण म्हाताऱ्या माणसाने फार दिवस घेतले तर हात कापणे, अंग ताठरणे अशी कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. वर मेक्लिझिन. एकावर एक ओझे चढले होते आणि ते वाहणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई पडली, तर आम्ही म्हणत होतो, वय झाले!

बाईंनी रक्तदाबाची एकच गोळी ठेवली; बाकीची औषधे त्यांच्या देखरेखीखाली बंद झाली. पायांची पारख केली, तेव्हा मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव थोडी कमी झाल्याचे आढळले. म्हणजे तिसरे कारणही होते. डॉक्टर मेरी टिनेटी यांनी २००० साली दाखवून दिले आहे की म्हाताऱ्या माणसाच्या चक्करीमागे बहुधा एक नसून अनेक कारणे एकत्र असतात. एकच कारण धरून बसले की बाकीची निसटतात.

घरी येताना मोटारीत आई म्हणाली, "तुमच्या इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द का रे?" आम्ही निरुत्तर झालो. आपल्या मराठीत घेरी आहे, भोवळ आहे, अंधारी आहे, गरगरणे आहे, तोल जाणे आहे, झोकांडी आहे. डेव्हिड ड्राखमन नावाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्याबरोबर १९७२ साली चक्करीचे चार प्रकार पाडले : फिरणे, बेशुद्धी येतेसे वाटणे, तोल जाणे आणि डोके हलके होणे. आमच्या आईच्या बोलीत ते आधीपासून होते. आता डॉक्टर म्हणतात की नुसत्या शब्दावर भिस्त ठेवू नये, कारण रोगी आज एक शब्द वापरतो, उद्या दुसरा. चक्कर कधी येते, कशाने येते आणि किती वेळ टिकते, हे विचारावे. आईने तेही सगळे सांगितले असते. आम्ही मध्ये बोललो नसतो, तर.

मध्ये बोलण्याची ही सवय फक्त इंग्रजीची नाही. इस्राएलात नातू आजीला डॉक्टरकडे नेतो आणि हिब्रूत एक शब्द सांगून मोकळा होतो : 'स्खरखोरेत'. आजीच्या पाच वाक्यांचे काय झाले, ते कोणाला कळत नाही.

आठवड्याने बाईंनी तीच रीत पुन्हा केली आणि घाणा थांबला. आई पलंगावर निजू लागली. अंधारीसाठी तिला शिकवले की उठताना पलंगाच्या कडेवर दोन मिनिटे बसावे, पायांची बोटे-टाचा हलवाव्यात, मग काहीतरी धरून उभे राहावे. न्हाणीघरात आम्ही दांड्या बसवल्या. वाटेवरचे सरकणारे गालिचे काढले. तोलासाठी फिजिओथेरपीचे व्यायाम आणि बाहेर जाताना काठी. काठीवरून थोडे भांडण झाले. सगळे पूर्ववत झाले असे मात्र नाही. सहा महिन्यांनी उजव्या कानाने पुन्हा उचल खाल्ली आणि पुन्हा डॉक्टरकडे जावे लागले. हा विकार उलटतो, हे त्यांनी आधीच सांगितले होते. तळव्यांची जाणीव परत आलेली नाही. पुढच्या किप्पूरला, रबाय आणि डॉक्टर दोघांशी बोलून, तिने उपास केला नाही. त्या दिवशी ती फार गप्प होती. जीव वाचवणे हे आपल्या धर्मात उपासाहून मोठे आहे, हे तिने आम्हांला लहानपणी शिकवले होते. स्वतःवर लागू करणे तिला जड गेले.

एका रात्री आम्ही तिला विचारले की इतके महिने बोलली का नाहीस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर ठाणं बंद केलं असतं तुम्ही. सांगायच्या आधीच केलंत." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या नातेवाइकांना फोन करून घराची बोलणी थांबवली.

मग आईने आपला नवस उघड केला. घाणा थांबला तर एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन, असे ती आरामखुर्चीत बसून बोलली होती. येथल्या हिंदी दुकानात पोहे मिळतात, गूळ-खोबरे मिळते. खजूर, केळी, सफरचंदे आणून मलिदा झाला. सिॲटलची आणि इकडची ओळखीची मंडळी आली. डॉक्टरीणबाईंनाही एक डबा पोचवला.

२०२३ च्या नोव्हेंबरात आई ठाण्याला गेली. विमानतळावर आमच्या मनाला स्वस्थता नव्हती, हे खोटे कशाला सांगावे? तिच्या पिशवीत औषधांची एकच यादी होती, मराठीत आणि इंग्रजीत, गोळीच्या आतल्या औषधाच्या नावासकट. शेजारणीकडे घराची दुसरी किल्ली दिली. रोज सकाळी तिचा फोन येई, आणि आम्ही "बरी आहेस ना?" असे न विचारता "आज उठताना काय झालं?" असे विचारीत असू.

वाचक बंधुभगिनींना एवढेच सांगणे. घरच्या वडीलधाऱ्या माणसाने 'चक्कर येते' म्हटले तर कधी, कशाने, किती वेळ, हे त्यांच्याच भाषेत विचारा आणि उत्तर पुरे होऊ द्या. सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरपुढे ठेवा. उभे करून रक्तदाब घ्या, असे सांगा. मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. मात्र चक्कर एकाएकी आली आणि जोडीला बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, तोंड किंवा एक बाजू लुळी पडली, कधी नव्हे असे भयंकर डोके दुखले किंवा मुळीच उभे राहवेना, तर तो पक्षाघात असू शकतो. तेथे प्रश्न विचारीत बसू नका. अमेरिकेत ९११, इस्राएलात १०१, भारतात ११२ किंवा १०८ फिरवा.

हा लेख आईला वाचून दाखवला. तिने एक दुरुस्ती सुचवली. आम्ही लिहिले होते की ती न्हाणीघरात "चक्कर येऊन" पडली. ती म्हणाली, "अंधारी येऊन, असं लिहा."